खालची गर्दी

छबुबाईनं हंबरडा फोडला तो दुपारची जेवणं उरकत आली तेव्हा, आणि फोडला तो अभिमन्यूच्या नावानं. अभिमन्यू त्या वेळी पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत दार लावून, लॅपटॉपसमोर, चांगला जिवंत बसलेला होता. आपल्याच नावाचा हंबरडा ऐकायची पाळी माणसावर सहसा येत नाही. आली तर बाहेर यावं की आतच थांबावं, याचा काही रिवाज नांदूरघाटात ठरलेला नाही. "आगं माय माय, अभ्याच्या फोटूला हार कावून घातला गं!" अशी मोबाइलात डोकावलेल्या चुलतीची आरोळी अंगणभर फिरली, कोंबड्या पांगल्या, आणि मागोमाग तिच्या पोराचा, लखनचा, आवाज आला, "आये, गप की! हार न्हाई ती. हिरवं कडं हाय. ज्याला काम पाहिजे त्येनं नोकरीच्या साइटवर फोटूला लावायचं आसतंय." छबुबाई गप झाली. मेलेला पुतण्या परत आला म्हणून तिनं सोडलेला सुस्कारासुद्धा पत्र्यातून ऐकू आला. अभिमन्यूच्या छातीत मात्र हंबरड्यानं जे हललं नव्हतं ते या खुलाशानं हललं. ज्याला काम पाहिजे त्येनं. हे शब्द अंगणात मोठ्यानं बोलले गेले होते, आणि अंगणात लिंबाखाली त्याचे वडील, आबा, बसले होते, एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरात औषध भरत.

त्यानं दाराच्या फटीला डोळा लावला. आबांनी मान वर केलेली नव्हती. मेंढी धडपडत होती आणि आबा तिला दोन गुडघ्यांत धरून, जसं काही जगात त्या खुराशिवाय दुसरं काही घडतच नाही, असे वाकलेले होते. ऐकलं असेल का? कान तिखट आहेत त्यांचे. रानात दोन टेकड्यांपलीकडची घंटी कुठल्या मेंढीची ते सांगतात. पण ऐकलेलं तोंडावर दिसू द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. लहानपणी ते अभिमन्यूला बाजारात न्यायचे. तिथं मेंढराचा सौदा रुमालाखाली चालायचा; घेणाऱ्याचा पंजा आणि देणाऱ्याचा पंजा कपड्याच्या आत एकमेकांची बोटं दाबायचे, आणि भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोन हातांनाच ठाऊक. तोंडं गप्पा मारायची पावसापाण्याच्या. एकदा आबांनी त्याचा इवला हात आत ओढला होता. आत दमट, गरम अंधार, आणि त्या अंधारात एक अनोळखी बोट त्याच्या तळव्यावर काहीतरी सांगून गेलं होतं. त्याला काही कळलं नाही, पण आपल्याला गुपित मिळालं या भावनेनं तो घरी येईस्तोवर मूठ मिटूनच चालला होता. तोच हात तो आज सकाळी उठून साऱ्या जगासमोर उघडा करून बसला होता: मला काम हवं आहे. वर हिरवं कडं.

दिवाळीनंतर पुण्याच्या कंपनीनं त्याचा विभागच बंद केला होता. कारखान्यांच्या लोखंडी शेडची ड्रॉइंग करायची, कुठल्या खांबाला कुठं भोक, कुठल्या तुळईला किती बोल्ट, हे त्याचं काम. पंधरा जणांना एका खोलीत बोलावून एका हसतमुख बाईनं सांगितलं, आणि वर बिस्किटं वाटली. त्यानं बिस्किट खाल्लं होतं, ही गोष्ट त्याला अजून छळत असे. मग बायको योगिता आणि सामान घेऊन तो गावी आला आणि आबांना म्हणाला, "आता घरूनच काम करायचं म्हणलेत." खोटं एवढंसंच होतं, एका वाक्याचं. पण गावात वाक्य एकटं राहत नाही. आबांनी ते पारावर नेलं, पारावरनं ते एसटी स्टँडवर गेलं, आणि आठवड्यात "सुग्रीव मेंढक्याचं पोरगं घरी बसून पुण्याचं हापिस चालवतंय" इथवर वाढलं. त्या वाढलेल्या वाक्याची मग चाकरी करावी लागली. रोज अंघोळ करून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली जुनी अर्धी चड्डी अशा वेशात तो पत्र्याच्या खोलीत दार लावून बसे. बाहेर आबा आल्या-गेल्याला ओठांवर बोट ठेवून गप करत. मेंढरं रानात नेताना त्यांनी वाट बदलली होती. घंट्यांचा आवाज साहेबाच्या फोनमध्ये जाऊ नये म्हणून ओढ्याकडच्या लांबच्या वाटेनं जायचे. म्हातारपणाच्या गुडघ्यांवर तो लांबचा फेरा रोज चढत होता, आणि आत अभिमन्यू कोऱ्या पडद्यासमोर बसून घंट्या लांब जाताना ऐकत होता. योगिताला सगळं माहीत होतं. "आबांना सांगून टाका," ती पहिल्या महिन्यात रोज म्हणायची. नंतर म्हणायची बंद झाली, ते जास्त वाईट.

नोकऱ्यांच्या त्या वेबसाइटवर तो तासन् तास असे. तिथली माणसं वेगळ्याच गावची. फोटोत सगळी कोटातली, सगळी छातीवर हात बांधलेली, सगळी कृतज्ञ. नोकरी लागली तरी आभार, गेली तरी आभार. ज्यांनी त्याच्याबरोबर बिस्किट खाल्लं होतं त्यातल्या एकानं तर "या सुंदर प्रवासाबद्दल ऋणी" असं लिहून हात जोडले होते. अभिमन्यूला माणसं न्याहाळायची सवय; कोण कुणाचं कौतुक कधी करतं, आणि ते कौतुक किती दिवसांनी परत येतं, हे तो मनात टिपून ठेवी. तिथला व्यवहार त्याला लौकरच समजला. नांदूरघाटात नवख्या माणसाला विचारतात, "कुणाचा रं तू?" त्याला उत्तर सोपं होतं. तिथं विचारतात, तुला काय येतं, आणि ते येतं म्हणून सांगणारं कोण आहे? पुण्यातल्यांना मेसेज केले तर ते अंगठा उचलून दाखवत आणि गप होत. शेवटी पुण्याच्याच एका छोट्या फर्मच्या रोहिणी मॅडमनी त्याची नमुन्याची ड्रॉइंग पाहिली आणि आठवड्याभरात दोनदा फोन केला. कंत्राटावर, घरूनच, वर्षभर शेडची ड्रॉइंग. काम आवडलं होतं. "एक करा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या प्रोफाइलवर नीट पोस्ट टाका, काय करता, कसं करता. सरांना लिंक देते. सर आधी माणूस बघतात, मग ड्रॉइंग." म्हणून आज सकाळी त्यानं ती पोस्ट टाकली, इंग्रजीत, तीनदा तपासून. त्याला एवढंच दिसत होतं की हे काम मिळालं तर दिवाळीपासूनचं खोटं कुणालाही न सांगता, आपोआप, मागच्या मागे खरं होईल. खरंच घरून काम. आबांनी पारावर नेलेलं वाक्य शब्दाला शब्द खरं. कबुली नाही, माफी नाही, आबांच्या डोळ्यांत बघणं नाही. गावातलं कुणी त्या साइटवर असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. गाव नाचगाण्याच्या साइटवर असतं, वाढदिवसाच्या साइटवर असतं. कोटातल्या माणसांत त्याचं काय काम?

पण लखनचं स्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान होतं, आणि धंदेवाल्या माणसानं सगळीकडं असावं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो दार ढकलून आतच आला. "दादा, आधी सांगायचं ना राव." "सांगायचं काय त्यात?" अभिमन्यू म्हणाला, "आहे ते काम आहेच. हे वरचं. जास्तीचं." आपला आवाज त्याला ऑफिसातल्या त्या हसतमुख बाईसारखा वाटला. "मंग तर लईच भारी," लखन म्हणाला. "पर तुझ्या पोस्टला एकच अंगठा हाय की. एक! त्यो बी माझाच. आपल्या गावचा माणूस आन एक अंगठा? शोभतंय का?" "लखन, ती साइट तसली नाही." "साइट कसली बी आसू दे. माणूस आपला हाय का न्हाई?" आणि मोबाइल खिशात कोंबून तो चपला फटफटवत गेलासुद्धा. त्याला थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर आधीचं काम नाही हे सांगावं लागलं असतं. अभिमन्यू दारात उभा राहिला. समोर आबांनी मेंढी सोडून दिली होती. ते उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली, आणि लखनच्या मागोमाग स्टँडकडं चालू लागले. जाताना एकदा खोलीकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

फ्लेक्सचं शास्त्र लखनला पुरतं ठाऊक होतं. पोरगं पोलीस भरतीत निघालं, बैल शर्यतीत आला, कुणी ग्रामपंचायतीत पडला तरी, स्टँडवर फ्लेक्स लागतो. मधोमध मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांची छोटी छोटी तोंडं, ओळीनं. मधल्या चेहऱ्याची किंमत खालच्या गर्दीवर ठरते. ज्याचं तोंड सुटलं तो रुसतो, वर्षभर चहा पीत नाही. अभिमन्यूला पुण्यात नोकरी लागली तेव्हा लखननं त्याचाही लावला होता. दुसऱ्याच कुणाच्या कोटावर त्याचं डोकं, डोळ्यांवर काळा चष्मा, खाली सत्तरेक तोंडं. पहिल्या सुट्टीला आलेला तो बसमधून उतरला, समोर आपलंच एवढं मोठं, परक्या खांद्यांवरचं तोंड बघून कानकोंडा झाला आणि ओळखीचं कुणी भेटायच्या आत मागच्या बोळातनं घरी गेला. त्या सत्तर तोंडांपैकी एकालाही त्यानं पुढं कधी पुण्यातनं फोन केला नव्हता. तो हिशेब कुणी मागितला नाही. पण म्हणून तो मिटला होता असं नाही.

तासाभरात पोस्टखाली माणसं यायला लागली. लखननं दुकानात बसून एकेकाच्या नंबरावर खातं उघडून दिलं होतं. खातं उघडताना ती साइट हुद्दा विचारते, आणि हुद्द्याशिवाय पुढं जाऊ देत नाही, म्हणून लखननं सगळ्यांना एकच घाऊक हुद्दा दिला होता: मुख्य कार्यकारी अधिकारी. मुख्य कार्यकारी अधिकारी, हनुमान कटिंग सलून. मुख्य कार्यकारी अधिकारी, इरशाद गॅरेज. मुख्य कार्यकारी अधिकारी, जय मल्हार शेळी-मेंढी खरेदी-विक्री. ते येत गेले, आणि अभिमन्यूच्या सभ्य इंग्रजीखाली लिहीत गेले. दादाचा नाद करायचा नाय. गावची शान. किंग इज किंग. वाघ हाय आमचा वाघ, काम द्या न्हाईतर राहू द्या. कुणी आगीची चित्रं लावली, कुणी सिंहाचं. पोलादी जोडांच्या डिझाइनमध्ये अभिमन्यू निष्णात असल्याची ग्वाही हनुमान न्हाव्यानं दिली, आणि गॅरेजच्या इरशादनं तिला दुजोरा दिला. अभिमन्यूला हसू आलं. मग घाम आला. पडदा खाली सरकवला की आणखी तोंडं. त्याला वाटलं आपण त्या बसमधून पुन्हा उतरतोय, पण या वेळी मागचा बोळ नाही. आणि त्या ओळीत मध्येच चाँद बागवान होता, स्टँडवर ज्याचा फळांचा गाडा त्याचा तो मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यानं लिहिलं होतं: सुग्रीवआबा बाजूला उभे राहून सांगायलेत अन मी लिहायलोय. साहेब, पोरगं माझं हाय म्हणून सांगत न्हाई. ल्हानपणी एक मेंढरू हरवलं तर मार खाईन म्हणून भ्यालं, पर घरी येऊन खरं सांगितलं. पोरगं खोटं बोलत न्हाई. काम द्यावं.

हे तो वाचत असतानाच रोहिणी मॅडमचा फोन आला. "अहो अभिमन्यू, हे काय चाललंय तुमच्या पोस्टखाली? सगळे सीईओ एकाच तालुक्यात?" त्या हसत होत्या, पण घाईतलं हसू होतं. "कोण आहेत हे लोक?" एका श्वासाएवढी जागा होती त्या प्रश्नात. त्या जागेत 'माझे लोक आहेत' एवढे तीन शब्द आरामात मावले असते. पुढं कदाचित त्या आणखी हसल्या असत्या, कदाचित सरांना गंमत म्हणून सांगितलं असतं. पण त्याला सर दिसले, कधीही न पाहिलेले. छातीवर हात बांधून ते चाँदच्या गाड्याकडं बघत होते. "ओळखत नाही मॅडम मी," तो म्हणाला. "बॉट असतील. हल्ली फार झालंय, खोटी खाती." मग त्या म्हणाल्या, "असेल. पोस्ट ठेवा, सरांकडं तीच लिंक आहे, तासाभरात बघतील. खालची गर्दी तेवढी काढून टाका. सरांचं झालं की संध्याकाळी फोन करते." "हो मॅडम. लगेच." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, की किती सहज. जीभ अडखळली नाही. रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या माणसाला सराव असतो.

मग तो काढायला बसला. साइट सभ्य; प्रत्येक वेळी विचारते, नक्की काढायचं का? नक्की. हनुमान गेला. हा हनुमान त्याच्या लग्नात नवरदेवाची दाढी करताना हात थरथरतोय म्हणून दोनदा बाहेर जाऊन आला होता. नक्की. इरशाद गेला. अभिमन्यूच्या आईला बीडच्या दवाखान्यात न्यायचं होतं त्या पहाटे यानंच गिऱ्हाइकाची जीप काढली होती, न विचारता. आई वाटेतच गेली, आणि परत येताना सबंध रस्ता तो काचेवरचं दव पुसत राहिला, बाहेर दव नसतानाही. नक्की. पुढं पुढं त्यानं नावं वाचणं सोडलं, नुसतं बोट चालू ठेवलं. पण बोटालाच ती माणसं ओळखू यायला लागली. उन्हानं पत्रा तडतडत होता. योगिता चहा घेऊन आली, मागं उभी राहिली, आणि पडद्यावर एकेक तोंड मिटताना बघत राहिली. "आन चाँदभाईचं?" तिनं विचारलं. "ते आबांचं आहे." "माहीत आहे मला," तो म्हणाला. "मग?" "मग काय? सगळी काढून तेवढंच कसं ठेवू? मी ओळखत नाही म्हणून सांगितलंय." योगितानं कप टेबलावर ठेवला. "आबांना बी?" ती म्हणाली. आरोप नव्हता त्यात. विचारलं होतं फक्त, भाजीत मीठ टाकलं का विचारावं तसं. ती गेल्यावर त्यानं ते पुन्हा वाचलं. मेंढराची गोष्ट त्याला आठवतच नव्हती. त्यानं डोळे मिटून शोधली: ओढा, काटेरी बाभळी, संध्याकाळ, सगळं सापडलं, पण खरं सांगणारा पोरगा काही सापडला नाही. आबांनी रचली असेल का? का तो खरंच होता, आणि पुढं कुठंतरी, पुण्याच्या वाटेवर, तोच हरवला? नक्की काढायचं का, साइटनं विचारलं. पोस्ट स्वच्छ झाली. एकट्या इंग्रजीत उभी राहिली, धुवून वाळत घातलेल्या परक्याच्या शर्टासारखी.

ऊन उतरलं तेव्हा निरोप आला की दादाला चहाला बोलावलंय स्टँडवर. न जाणं म्हणजे सांगूनच टाकणं. म्हणून तो गेला. चाँदच्या गाड्याभोवती सगळे मुख्य कार्यकारी अधिकारी जमले होते. आबा बाकड्यावर बसून केळं सोलत होते. लखन मोबाइल हातावर आपटत होता. "कुठं गेलं बे सगळं? दोन घंट्यांमागं हितंच तर होतं." "माझं बी दिसंना," हनुमान म्हणाला. "मी वाघ लावलता." "माझं बी न्हाई," इरशाद म्हणाला आणि पडद्यावरून अंगठा फिरवायचा थांबला. कळलेलं माणसाच्या तोंडावर एकदम येत नाही. आधी बोट थांबतं, मग भुवया, मग मान वर होते. एकेक मान वर होत गेली आणि अभिमन्यूकडं वळली. कुणी रागावलं नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. ते नुसते वाट बघत होते, त्यानं काहीतरी सांगावं म्हणून. त्याच्या जिभेवर दुपारी इतकं सहज आलेलं खोटं आता शोधूनही येईना. चाँद पेरू पुसत होता. पुसलेलाच पुन्हा पुसत होता.

"रेंज न्हाई आज," आबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले. आबांनी केळ्याची साल गाड्याखाली शेळीपुढं टाकली, कोपरीच्या खिशात हात घालून आपला फोन काढला, बटणांचा, नाण्याएवढ्या पडद्याचा, दोऱ्यानं बांधलेला, आणि तो लांब धरून, डोळे बारीक करून त्यात पाहिलं. "सकाळधरनं न्हाई. माझ्या बी मोबाइलात दिसंना," ते म्हणाले. "दिवाळीपसनं आसंच चालू हाय. मी काय बोललो न्हाई कुणाला. येती म्हणलं आज ना उद्या."

दिवाळीपासून. अभिमन्यूनं बापाकडं पाहिलं. बाप फोनमध्येच बघत होता. ओढ्याकडची लांबची वाट, ओठांवरचं बोट, गप केलेली माणसं: हे सगळं, नोकरी गेली हे माहीत असताना? रोज?

कुणी हसलं नाही. सगळ्यात आधी चाँद बोलला, पेरू टोपलीत ठेवत, "हां. रेंजच न्हाई. माझा बी सकाळपासून तसाच." इरशादनं मोबाइल खिशात घातला. "ह्यो टावर लई बेकार झाला," तो म्हणाला. "टावरच बेकार हाय," हनुमान म्हणाला. लखन तेवढा तोंड उघडून एकेकाकडं बघत राहिला. त्याच्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात चारही दांड्या भरलेल्या होत्या. मग त्यानंही मान खाली घातली आणि म्हणाला, "न्हाई खरं. गेली रेंज." असे ते एकेक करून, ओळीनं, अभिमन्यूच्या बाजूनं उभे राहिले.

आणि तेव्हाच अभिमन्यूच्या खिशातला फोन वाजला. स्वच्छ, खणखणीत, आरपार वाजला. नाव बघायची गरज नव्हती. गाड्याखालची शेळी दचकली. माणसं हलली नाहीत, ती पेरूंकडं, रस्त्याकडं, टॉवरकडं बघत राहिली, जणू कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. फोन वाजत राहिला. अभिमन्यूचा हात खिशावर होता आणि तो काही आत जाईना.

आबा बाकड्यावरून उठले, गुडघ्याला हात देत. "घे," ते म्हणाले, "कामाचा आसंल." आणि पोरांना बाजूला सारून त्यांनी त्याला जागा करून दिली.